सोपा गड हलका नसतो

लोहगडाचं नाव काढलं की काही ट्रेकर मंडळी नाक मुरडतात. "पायऱ्यांचा गड. तिथे चढायचं काय?" या मंडळींशी माझं उघड भांडण आहे. अलंग-मदन-कुलंग दोर लावून चढणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण गडाची किंमत आपल्या पोटऱ्या किती दुखल्या यावर ठरवायची नसते. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरावं, भाजे गावातून गायमुख खिंडीत यावं, उजवीकडे लोहगडवाडी गाठावी आणि पायऱ्या चढू लागावं. निवांत चाललं तरी दोन-अडीच तासांत माथा येतो. वाडीपर्यंत गाडीने आलात तर पाऊण तास पुरतो. सत्तरीची आजी आणि पहिलीतला नातू एकाच सकाळी हा गड चढतात आणि संध्याकाळी घरी जेवायला परत येतात. यात लोहगडाचं मोठेपण आहे.

पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांत आयुष्यातला पहिला गड हाच असतो. पहिल्या गडावर जे पाहिलं, जे केलं, जे मोठ्यांना करताना पाहिलं, ते अंगात मुरतं. इथे बाटली फेकणारा मुलगा उद्या राजगडावरही फेकणार. इथे दरवाज्यासमोर थांबून वर बघणारी मुलगी उद्या रायगडावरही थांबणार. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: सगळ्यात सोप्या गडाची काळजी सगळ्यात जास्त घ्यायला हवी. आज नेमकं उलट चाललं आहे.

वाट सारखी वळते का?

गणेश दरवाज्याशी कानावर पडलेला संवाद. सात-आठ वर्षांची मुलगी वडिलांना विचारत होती, "बाबा, वाट सरळ का नाही बांधली? सारखी वळते का?" बाबा म्हणाले, "चल गं पटकन, वर फोटो काढायचेत. मागे लोक थांबलेत."

त्या मुलीने लोहगडावर विचारता येईल असा सर्वांत चांगला प्रश्न विचारला होता आणि तो तिथेच विरला. उत्तर अवघड नाही. सरळ वाटेवर शत्रूला वेग मिळतो, हत्तीला पळत येऊन फळीला धडक देता येते. वळण आलं की वेग मोडतो. पुढे कोण आहे ते दिसत नाही. वरून मात्र बुरुजावरच्या माणसाला सगळं दिसतं. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक येतात आणि दोन दरवाज्यांमधला प्रत्येक टप्पा तटाखालून जातो. पहिला दरवाजा फुटला तरी आत शिरलेली तुकडी तटाखाली कोंडली जाते. वरून दगड, तेल, गोळ्या, काय हाताशी असेल ते पडतं. दुसरा दरवाजा फोडायचा तर हेच पुन्हा सोसायचं. तिसऱ्याला पुन्हा.

महादरवाज्याजवळ पोचलात की मागे वळून खाली बघा. आपण चढून आलो ती वाट बुरुजांच्या वळशांतून कशी फिरली आहे ते एका नजरेत दिसतं. सह्याद्रीत दरवाज्यांची अशी अखंड साखळी इतक्या शाबूत अवस्थेत आणि इतक्या सहज पाहायला मिळते अशा जागा थोड्या. चारांतला हनुमान दरवाजा सर्वांत जुना मानतात. दरवाज्यांचं मोठं काम नाना फडणीसांनी १७९० ते १७९४ या काळात करून घेतलं. नारायण दरवाज्याजवळ एक भुयारी कोठार आहे. भात आणि नाचणी तिथे साठवत. म्हणजे पायऱ्या चढताना डाव्या-उजव्या हाताला युद्धशास्त्र, स्थापत्य आणि स्वयंपाकघर असं सगळं लागून येतं.

आणि आपण काय करतो? धापा टाकत, रांगेला ढकलत, पंधरा मिनिटांत हे चारही दरवाजे मागे टाकतो. कारण फोटो गडाच्या विंचूकाटा नावाच्या सोंडेवर चांगला येतो. लोहगडाचा मोठा भाग वाटेतच आहे. वाट घाईने उरकणाऱ्याने गड पाहिलेलाच नाही.

गड जुना म्हणजे किती जुना?

शाळकरी उत्तर तयार असतं: शिवाजी महाराजांचा. महाराजांचा तर आहेच. पण भाजे गावातून वर जाताना डोंगराच्या कुशीत दिसणारी लेणी इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकापासून कोरली गेली. एकूण २२ लेणी. मोठ्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी फासळ्या आहेत, आणि ते लाकूड दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे. एका विहारात तबल्यासारखं वाद्य वाजवणारी स्त्री कोरलेली आहे. संगीताच्या विद्यार्थ्यांनी फक्त तेवढ्यासाठी यावं.

ही लेणी इथेच का? कारण खाली बोरघाट. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांतून माल घाटावर चढायचा आणि पैठण-तेरकडे जायचा. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी त्या वाटेच्या काठाला आहेत. व्यापारी वाट आली की दान आलं, आणि दान आलं की लेणी आली. वाटेवर लक्ष ठेवायला उंच जागा लागते, म्हणून लोहगडाचं मूळ सातवाहनांच्या काळापर्यंत मागे नेतात. आजही माथ्यावरून खाली बघा. द्रुतगती मार्ग, जुना महामार्ग आणि लोहमार्ग त्याच वाटेने एकमेकांना चिकटून जातात. दोन हजार वर्षांत वाहनं बदलली, घाट तोच राहिला.

पुढचा इतिहास थोडक्यात. १४८९ मध्ये मलिक अहमदने हा गड घेतला आणि तो निजामशाहीत गेला. पुढे अहमदनगरच्या गादीवर बसलेला दुसरा बुऱ्हाण निजामशहा सोळाव्या शतकात इथे कैदेत होता. १६३० मध्ये आदिलशाही आली. १६५७ मध्ये महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या मोहिमेत लोहगड-विसापूर स्वराज्यात आणले. १६६४ मध्ये सुरतेहून आलेली लूट नेताजी पालकरांनी इथे आणून ठेवली असं सांगतात. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत हा होता. १६७० च्या मे महिन्यात मराठ्यांनी तो परत जिंकला. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी तो कान्होजी आंग्र्यांना दिला आणि पुढे तो पेशव्यांकडे आला. नाना फडणीसांनी आपला खजिना ठेवायला याच गडावर भरवसा टाकला. १८०० मध्ये नाना गेल्यावर त्यांच्या पत्नी जिऊबाईंना आसरा मिळाला तोही इथेच.

कैदखाना, खजिना, आसरा. माणसं आपलं सगळ्यात मोलाचं जिथे ठेवत आली, तिथे आपण आज चिप्सची पाकिटं ठेवून येतो. हे मला पाहवत नाही.

टाक्यात पाय सोडून बसणाऱ्यांना

माथ्यावर तळी आहेत, खडकात खोदलेली टाकी आहेत. त्यांतलं सोळा कोनांचं तळं जरूर पाहा. काठावरून चालत कोन मोजा. मुलांना मोजू द्या. बांधीव पाण्याच्या कामांतली एक बाव नानांनी शके १७११ म्हणजे १७८९ मध्ये बांधून घेतली. तसा लेख दगडात कोरलेला आहे. त्या काळचा सत्ताधारी पाण्याच्या कामावर आपलं नाव कोरून ठेवतो. कारण गड तटाने टिकत नाही, पाण्याने टिकतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गडाची जागा निवडताना पाणी आधी पाहावं असं बजावलेलं आहे.

हिशेब साधा आहे. मावळात पाऊस चार महिने धो धो पडतो आणि मग आठ महिने पाठ फिरवतो. वर विहिरीला झरा मिळेलच असं नाही. म्हणून बेसाल्टचा कातळ खोदायचा, माथ्यावर पडणारं पाणी उतारावरून टाक्यात वळवायचं, गाळ बसू द्यायचा आणि वर्षभर पुरवायचं. टाकं खोदताना निघालेला दगड तटाला आणि वाड्याला वापरायचा. एका घावात पाणीही आणि भिंतही. आज सोसायट्यांमध्ये पाऊसपाणी साठवण्याच्या योजनांवर व्याख्यानं होतात. त्या व्याख्यानांचा पहिला तास या काठावर घ्यायला हवा.

आणि याच पाण्यात बूट घालून उतरणारे, साबण लावून हातपाय धुणारे, रिकामी बाटली तरंगत सोडून फोटो काढणारे रविवारी दिसतात. हे पाणी शिबंदी प्यायची. आजही गडावरची माकडं, पक्षी आणि उन्हाळ्यात वाडीतली गुरं पाण्याचाच माग काढत फिरतात. टाक्यात पाय सोडणं म्हणजे दुसऱ्याच्या माठात हात घालणं. घरी करत नाही, तर गडावरही करू नका.

विसापूरचा धडा

गायमुख खिंडीच्या एका बाजूला लोहगड, दुसऱ्या बाजूला विसापूर. लोहगडाची उंची सुमारे १०३३ मीटर. विसापूर त्याहून उंच, माथाही पसरट. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांचा सेनापती प्रॉथर मोठा तोफखाना घेऊन आला. त्याने आधी विसापूर घेतला. दुसऱ्याच दिवशी लोहगड पडला. चार दरवाजे, वळणांची वाट, बुरूज, भरलेली टाकी, सगळं जागच्या जागी होतं. शेजारचा उंच डोंगर शत्रूच्या हाती गेला आणि या सगळ्याचा उपयोग संपला.

इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत वाचून डोक्यात शिरत नाही. लोहगडाच्या तटावर उभं राहून समोरचा विसापूर पाहिला की एका क्षणात शिरतं. अंतर किती कमी आहे, उंची किती जास्त आहे, डोळ्यांनाच कळतं. नववीच्या मुलांना मराठेशाहीच्या अखेरीचा धडा शिकवायला यापेक्षा चांगला फळा महाराष्ट्रात मला माहीत नाही. तरी सहली जातात पाण्याच्या घसरगुंड्यांवर. शिक्षकांनी मुलांना इथे आणावं, तटाशी उभं करावं आणि फक्त एक प्रश्न विचारावा: तुम्ही किल्लेदार असतात तर विसापुरावर किती माणसं ठेवली असतीत? पुढचा तास मुलंच घेतील.

रविवारची कोंडी

आता कडू बोलतो. २०२३ च्या जुलैमधल्या एका रविवारी हजारो माणसं लोहगडाच्या पायऱ्यांवर अडकली. वरच्यांना खाली येता येईना, खालच्यांना वर जाता येईना. पावसात, धुक्यात, लहान मुलं खांद्यावर घेऊन लोक तासन्‌तास उभे होते. चित्रफिती साऱ्या राज्याने पाहिल्या. दरवाजे आणि वळणं ज्या कामासाठी बांधली होती तेच काम त्यांनी चोख केलं: आत शिरलेला जमाव अडवला. त्या वास्तूत चूक नव्हती. एका वेळी किती माणसं सोडायची हे कुणी ठरवलंच नव्हतं, चूक तिथे होती.

त्या दिवशी मोठा अपघात टळला. मावळात तो दर वेळी टळत नाही. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या वरच्या अंगाला आलेल्या लोंढ्यात एक कुटुंब वाहून गेलं. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा माणसांनी भरलेला जुना लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला. दोन्ही वेळा वार रविवार, दोन्ही वेळा पावसाची सुरुवात. यातून काही शिकायचं असेल तर ते पुढच्या रविवारच्या आधी शिकायचं असतं.

उपाय अवघड नाही. लोहगडवाडीच्या वाहनतळात किती गाड्या मावतात ते मोजा. तेवढ्या झाल्या की पुढची गाडी भाज्यातच थांबवा. गडावर एकदम सगळ्यांना सोडू नका. एक गट महादरवाज्यातून आत पोचला की पुढच्या गटाला गणेश दरवाज्यातून सोडा. उतरणाऱ्यांची वेळ वेगळी ठेवा. दर दरवाज्यावर वॉकीटॉकी घेतलेला एक जण उभा करा. चार दरवाजे, चार माणसं. पंढरीच्या वारीत लाखोंची दिंडी शिस्तीत चालवणाऱ्या महाराष्ट्राला चार दरवाज्यांची रांग जमणार नाही, हे मी मान्य करणार नाही.

कुणी म्हणेल, मग प्रवेशबंदीच करा. बंदीला माझा ठाम विरोध आहे. गड सगळ्यांचा आहे आणि लोहगड तर खास सगळ्यांचा आहे. ज्यांना दुसरा गड झेपत नाही त्यांचा तो एकमेव गड आहे. संख्या ठरवणं वेगळं आणि दार लावून घेणं वेगळं. दुर्घटना झाली की सरसकट मनाई, पाऊस सरला की सगळं मोकळं, हे प्रशासन नव्हे.

यादीत नाव आलं, पुढे?

११ जुलै २०२५ ला पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. बारा किल्ले: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. त्या दिवशी ढोल वाजले, पेढे वाटले गेले. मलाही आनंद झाला आणि तो अजून आहे. पण हा दर्जा म्हणजे दिलेला शब्द असतो. वास्तू जशी आहे तशी जपू, हा शब्द आपण जगाला दिला आहे. या बाराही किल्ल्यांमध्ये पुण्या-मुंबईच्या रविवारच्या गर्दीचा सगळ्यात थेट मारा लोहगडावर होतो. शब्द पाळला की नाही, त्याची परीक्षा इथे आधी होणार.

लोहगड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली सुधारणा झाली. संरक्षित वास्तूची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा कडक आहे. तरीही दगडावर बाण मारलेली बदामं आणि नावं नव्याने उमटत राहतात. नाव कोरणाऱ्याला कायद्याची पाटी दिसते, कायद्याचा माणूस दिसत नाही. पाटीची भीती कुणालाच वाटत नाही. गर्दीच्या चार महिन्यांत शनिवार-रविवार दोन माणसं दंडाचं पुस्तक घेऊन गडावर फिरू द्या. पहिल्या महिन्यात शंभर पावत्या फाडा. बातमी आपोआप पसरेल.

डागडुजीबद्दलही एक आग्रह. माथ्यावर चुन्याचा घाणा आहे. गोल चर, त्यात फिरणारं दगडी चाक. चाकाला बैल जुंपायचे आणि भिजवलेला चुना वाळूबरोबर मळत राहायचा, लोण्यासारखा मऊ होईपर्यंत. हा चुना पाणी शोषतो आणि सोडतो, दगडाबरोबर थोडा आकसतो, थोडा फुगतो. सिमेंट कडक असतं, ओल आत कोंडून धरतं आणि शेवटी दगडाचीच कड फोडतं. म्हणून गडावर सिमेंटची पाटी नको. गडप्रेमी संस्था श्रमदानात मनापासून राबतात, सुट्ट्या घालवून टाक्यांतला गाळ उपसतात. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण तटाच्या दगडाला हात लावायचा तर जाणकाराच्या देखरेखीखालीच लावावा. घाणा तिथेच समोर आहे. काम कसं करायचं हे गडाने लिहून ठेवलेलं आहे.

वाडीचा हक्क

लोहगडवाडीत पिठलं-भाकरी मिळते, ताक मिळतं, पावसात भाजलेलं कणीस आणि उन्हाळ्यात लिंबू सरबत मिळतं. डोक्यावर हंडा घेऊन गडावर सरबत विकणाऱ्या मावशी आपण मोकळ्या हातांनी चढतो तो गड रोज चढतात. त्यांच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्यांनी आपल्या बुटांची किंमत आठवावी.

गडाची पहिली राखण पूर्वीही भोवतालच्या वस्त्यांकडे होती. आजही ती त्यांच्याकडे द्या. वाडीतल्या, भाज्यातल्या, मळवलीतल्या तरुण मुलामुलींना पुरातत्त्व खात्याने दोन महिन्यांचं शिक्षण द्यावं: दरवाज्यांची रचना, पाण्याची व्यवस्था, लेण्यांची ओळख, प्रथमोपचार. ओळखपत्र द्यावं, दर ठरवून द्यावा. माहिती सांगणारा, रांग लावणारा, बाटली टाकणाऱ्याला हटकणारा असा एकच माणूस. गावाला पैसा मिळेल आणि गडाला वाली मिळेल. आज गावाच्या वाट्याला येतात अडलेले रस्ते, रात्री उशिरापर्यंत गाड्यांतली गाणी आणि सोमवारी सकाळी गोळा करायचा कचरा. गावकऱ्यांनी हे किती दिवस सोसायचं?

बाटल्यांचंही तसंच. वर जाताना प्रत्येक बाटलीमागे अनामत घ्या, खाली आणून दाखवली की परत द्या. आणि पायथ्याशी स्वच्छतागृहं बांधा, पाणी असलेली, रोज धुतली जाणारी. बायका गडावर येताना सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नसते. सोप्या गडावरही बायकांना तहानलेलं चढावं लागत असेल तर त्याला सोपा कुणी म्हणू नये.

आपल्या वाटणीचं काम

सरकारला सांगून झालं. आता स्वतःला. पावसाळ्यातला रविवार सोडून मधल्या वारी जा, नाहीतर पहाटेची लोकल पकडा. जमेल त्यांनी मळवलीपासून चालत जा, म्हणजे भाज्याची लेणी आपोआप वाटेत येतील. दर दरवाज्याशी दोन मिनिटं बाजूला उभं राहा, वर बघा, पहारेकरी कुठे उभा असेल ते शोधा. विंचूकाट्याची सोंड चिंचोळी आहे, उतरायची जागा पावसात निसरडी होते. धुकं दाटलं असेल किंवा वारा असेल तर तटावरूनच तिला नमस्कार करा. स्पीकर घरी ठेवा. वारा, पाखरं आणि माणसांची धाप, एवढा आवाज गडाला पुरे आहे. सोनकी फुलली असेल तर तिच्यात लोळू नका. स्वतःचा कचरा खाली आणा, आणि पिशवीत जागा असेल तर दुसऱ्याची एक बाटलीही आणा.

अवघड गड सर करणाऱ्यांनाही एक विनंती. वर्षातून एकदा लोहगडावर या आणि कुणा अनोळखी घरातल्या मुलांना दरवाजे समजावून सांगा. तुमच्याकडे माहिती आहे, पाय आहेत, आवाज आहे. नाक मुरडण्यात ते वाया घालवू नका.

आणि जबाबदार खात्यांकडे माझी ठाम मागणी. पुढचा पावसाळा लागण्याआधी तीन गोष्टी जाहीर झाल्या पाहिजेत: गडावर एका वेळी किती माणसं, वाडीत एका वेळी किती गाड्या, आणि हे मोडलं तर उत्तर देणारा अधिकारी कोण. तिन्हींची पाटी गडावर लावू नका, तिथे ती वाचेपर्यंत उशीर झालेला असतो. मळवली स्टेशनाबाहेर लावा, भाज्याच्या फाट्यावर लावा आणि शनिवारी संध्याकाळी रेडिओवर वाचून दाखवा. पहिला गड चढायला निघालेल्या प्रत्येक मुलाला सुखरूप वर जाऊन सुखरूप परत येण्याचा हक्क आहे. तो हक्क जागतिक वारशाच्या यादीआधी येतो.